औषध, विष आणि कोईचे तळे

जपानच्या निगाता प्रांतात, ओजिया आणि यामाकोशीच्या डोंगराळ परिसरात, हिवाळ्याची बेगमी म्हणून शेततळ्यांत पाळल्या जाणाऱ्या काळपट कार्प माशांमध्ये एकोणिसाव्या शतकात अधूनमधून लाल-पांढरी पिल्ले निपजू लागली. शेतकऱ्यांनी ती खाण्यासाठी न काढता निवडून वाढवली आणि त्या निवडीतून ‘निशिकिगोई’, म्हणजे किनखापासारखा रंगीत कार्प, हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या घडत गेला. १९१४ च्या टोकियो प्रदर्शनात हे मासे मांडले गेल्यावर त्यांची कीर्ती डोंगराबाहेर पसरली, दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवाहतुकीच्या सोयीमुळे ते युरोप-अमेरिकेत पोहोचले आणि १९७० मध्ये ब्रिटनमध्ये कोईपालकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २०१८ मध्ये हिरोशिमाच्या एका कोईला लिलावात वीस कोटी तीस लाख येन इतकी किंमत मिळाली, हे या छंदाचे टोकाचे उदाहरण. परंतु घरामागच्या सिमेंटच्या हौदात दहा-वीस मासे बाळगून त्यांना नावाने ओळखणारा सामान्य हौशी पालक हाच या छंदाचा खरा आधार आहे.

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पाहता कोई हा कार्पच आहे; महाराष्ट्रातील मत्स्यशेतकरी कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीने ज्याचे बीज तलावात सोडतात आणि ज्याला ‘सायप्रिनस’ म्हणून ओळखतात, त्याचाच हा रंगीत भाऊबंद. पोलंड आणि चेक प्रजासत्ताकात हाच कार्प नाताळच्या जेवणात मानाने वाढला जातो. एकाच कुळातला एक मासा ताटात जातो आणि दुसरा तळ्यात जन्मभर मिरवतो. माशांच्या औषधांविषयीचे बरेचसे कायदे पहिल्या माशाला समोर ठेवून झाले आहेत, उरलेले कायदे तर माशांचा विचारही न करता झाले आहेत, आणि या सर्वांचा एकत्रित परिणाम दुसऱ्या माशाच्या पालकाला सोसावा लागतो. गेल्या दोन-तीन दशकांत ब्रिटन आणि युरोपमध्ये परजीवींवर वापरली जाणारी जुनी रसायने सुटी मिळणे कसे अवघड होत गेले, त्यामागची कारणे कोणती आणि त्याचा तळ्यावर काय परिणाम झाला, हे समजून घेण्यासाठी आधी तळ्यातील रोगाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

बंदिस्त पाण्यातील परजीवी

परजीवी म्हणजे दुसऱ्या जिवाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्यावर पोसला जाणारा जीव. नदीतल्या माशाच्या अंगावरही परजीवी असतात; परंतु वाहत्या पाण्यात त्यांची पिल्ले दूरवर विखुरली जातात आणि नवा मासा सापडण्याआधीच बहुतेक मरतात. तळ्यात तेच पाणी पंपाने गाळणीतून फिरून परत येते, माशांची दाटी नैसर्गिक पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असते आणि त्यामुळे परजीवीला पुढचा आसरा शोधण्याचे कष्टच पडत नाहीत.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घडवणारा ‘इक्थिओफ्थिरियस’ हा एकपेशीय जीव याचे उत्तम उदाहरण आहे. माशाच्या कातडीखाली तो पोसतो तेव्हा साखरेच्या कणासारखा पांढरा ठिपका दिसतो. पूर्ण वाढ झाली की तो मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो, त्या कवचात शेकडो पिल्लांमध्ये विभागतो आणि ती पिल्ले बाहेर पडून एक-दोन दिवसांत नवा मासा गाठतात किंवा मरतात. कातडीखाली असताना आणि कवचात असताना पाण्यातले औषध त्याला सहसा पोहोचत नाही, त्यामुळे मोकळे पोहणारी पिल्ले हीच त्याची एकमेव कमकुवत अवस्था ठरते. पंचवीस अंशांच्या आसपास हे चक्र काही दिवसांत पुरे होते, तर दहा अंशांच्या पाण्यात त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो. म्हणूनच औषध एकदा टाकून भागत नाही आणि दोन मात्रांमधील अंतर पाण्याच्या तापमानावरून ठरवावे लागते.

‘कॉस्टिया’ या नावाने पालकांच्या तोंडी असलेला सूक्ष्म जीव मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो आणि थंड पाण्यातही तगतो, तर मासा थंड रक्ताचा असल्याने त्याची प्रतिकारशक्ती गारठ्यात मंदावलेली असते. त्यामुळे ब्रिटनमध्ये हिवाळा सरत असताना, परजीवी जागे झालेले आणि मासे अजून सुस्त अशा संधिकाळात, कॉस्टियाचा घाला सर्वांत जीवघेणा ठरतो. ‘ट्रायकोडिना’ बशीसारखा गोल असून त्याच्या तळाशी दातेरी कडे असते. ‘फ्लूक’ म्हणून ओळखले जाणारे चपटे कृमी मागच्या टोकाच्या आकड्यांनी माशाला चिकटतात. त्यांपैकी प्रामुख्याने कल्ल्यांवर राहणारे ‘डॅक्टिलोगायरस’ अंडी घालतात आणि त्या अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नाही, तर कातडीवरचे ‘गायरोडॅक्टिलस’ थेट पिल्लाला जन्म देतात आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचे पिल्लू आधीच वाढत असते. नुसत्या डोळ्यांना दिसणारे परजीवी म्हणजे ‘आर्ग्युलस’ ही माशांवरची ऊ आणि नांगरासारखे टोक मांसात रुतवून बसणारी ‘लर्निया’. हे दोन्ही कवचधारी प्राणी खेकडे-झिंग्यांचे दूरचे नातलग आहेत, ही गोष्ट पुढे रसायनांच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

जुन्या कपाटातील तीन बाटल्या

काही दशकांपूर्वीच्या ब्रिटिश कोईपालकाच्या शेडमध्ये बहुधा तीन वस्तू हमखास सापडत. पहिली मॅलकाइट ग्रीन. मॅलकाइट या हिरव्या तांब्याच्या खनिजाशी केवळ रंगाच्या साम्यामुळे हे नाव पडलेले असून या रंगद्रव्यात तांबे मुळीच नसते. एकोणिसाव्या शतकात कापड आणि कातडे रंगवण्यासाठी तयार झालेले हे द्रव्य १९३० च्या दशकापासून माशांच्या बुरशीवर वापरले जाऊ लागले आणि एकपेशीय परजीवींवरही ते अत्यल्प मात्रेतही प्रभावी ठरते, हे अनुभवाने सिद्ध झाले. दुसरी वस्तू फॉर्मेलिन, म्हणजे सुमारे ३७ टक्के फॉर्माल्डिहाइड वायू पाण्यात विरघळवून केलेले द्रावण, जे शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बरण्यांतील नमुने टिकवण्यासाठी परिचित आहे. या दोहोंचे मिश्रण एकेकट्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते असे दाखवणारा शोधनिबंध १९७२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि पुढे हे मिश्रण कोईपालकांचे ठरलेले औषध झाले.

तिसरी वस्तू पोटॅशियम परमँगनेट. भारतात जुन्या पिढीला ती विहिरीत टाकण्याचे जांभळे औषध म्हणून आणि फळे-भाज्या धुण्याचे द्रावण म्हणून ठाऊक आहे. ही पूड पाण्यात विरघळताना प्राणवायूच्या देवघेवीने सेंद्रिय पदार्थ जाळते. परजीवी, जिवाणू, कुजका कचरा आणि मात्रा चुकली तर माशाचे कल्ले, यांत ती भेद करत नाही. टाकल्यावर पाणी जांभळे-गुलाबी होते आणि औषध खर्ची पडत गेले की ते चहासारखे तपकिरी दिसू लागते. तळे जितके घाण, तितका हा बदल लवकर, त्यामुळे एकच मात्रा स्वच्छ तळ्यात जास्त आणि गढूळ तळ्यात अपुरी ठरू शकते. जाणते पालक घड्याळ आणि पाण्याचा रंग या दोहोंवर नजर ठेवून शेजारी उतारा तयार ठेवत.

या तिन्ही वस्तू स्वस्त होत्या, पण सौम्य मुळीच नव्हत्या. फॉर्मेलिनचे उदाहरण जरा जवळून पाहण्याजोगे आहे. मत्स्यवैद्यकातील सर्वमान्य हिशेबानुसार पाण्यात दर लिटरला पाच मिलिग्रॅम फॉर्मेलिन टाकले की एक मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू नाहीसा होतो. तळ्यासाठी वापरली जाणारी मात्रा पंचवीस मिलिग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे पाच मिलिग्रॅम प्राणवायू त्या उपचारातच खर्च होतो. पंचवीस अंश तापमानाच्या पाण्यात जास्तीत जास्त प्राणवायू मावतो तोच लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम. कल्ले परजीवींनी आधीच खाल्लेल्या माशाला यातून उरलेल्या प्राणवायूवर तग धरता येत नाही, आणि हवेचे पंप न लावता फॉर्मेलिन टाकणाऱ्याचे मासे रोगाने मरण्याऐवजी औषधाने मरतात. शिवाय फॉर्मेलिनची बाटली थंडीत पडून राहिली तर तळाशी पांढरा साका जमतो, जो माशांसाठी मूळ औषधापेक्षा कितीतरी विषारी असतो. मॅलकाइट ग्रीनमध्येही शुद्धतेचा प्रश्न होताच, कारण कापड रंगवण्यासाठी बनणाऱ्या काही प्रकारांत जस्ताचे क्षार असतात आणि जस्त माशांना घातक आहे. जस्तविरहित पूड मागून घ्यावी लागते हे ज्याला ठाऊक नव्हते, त्याला त्याची किंमत मोजावी लागे.

चार कायदे, चार कारणे

या रसायनांवर निर्बंध एका कायद्याने आले नाहीत. ते चार वेगवेगळ्या वाटांनी आले आणि त्या चारही वाटा अगदी योगायोगाने एकाच शेडच्या दारात येऊन मिळाल्या.

पहिली वाट अन्नसुरक्षेची. मॅलकाइट ग्रीन माशाच्या शरीरात शिरल्यावर ल्यूकोमॅलकाइट ग्रीन या रंगहीन रूपात बदलते आणि चरबीत दीर्घकाळ साठून राहते. प्राण्यांवरील प्रयोगांनी त्याच्या कर्करोगकारकतेविषयी गंभीर शंका निर्माण केल्या. त्यामुळे युरोपीय संघात खाण्याच्या माशांसाठी त्याचा वापर निषिद्ध असून, कारवाईसाठीची मर्यादा २०२२ च्या अखेरपासून एक किलो मासळीत अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस लाखावा भाग, इतकी खाली आणली गेली. कोई कोणी खात नाही, त्यामुळे या नियमाचा त्याच्याशी थेट संबंध नाही. परंतु मत्स्यशेतीची मोठी मागणी संपल्यावर एखाद्या रसायनाचा बाजार केवळ छंदावर चालत नाही, हे उत्पादकांना लवकर उमगते.

दुसरी वाट माणसाच्या आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. युरोपीय संघाच्या रसायन-वर्गीकरणात ते २०१६ पासून ‘१ब’ या गंभीर वर्गात आले आणि त्यानंतर, ०.१ टक्का किंवा त्याहून अधिक फॉर्माल्डिहाइड असलेले मिश्रण सर्वसामान्य ग्राहकाला विकण्यास मनाई झाली. या मनाईतून औषधे आणि पशुवैद्यकीय उत्पादने मात्र वगळलेली आहेत. याचा अर्थ असा की तेच द्रव्य ‘रसायन’ म्हणून कॅनमध्ये भरलेले असेल तर हौशी ग्राहकाला विकता येत नाही आणि ‘माशांचे औषध’ म्हणून नियमाप्रमाणे लेबल लावलेल्या बाटलीत असेल तर विकता येते.

तिसरी वाट सुरक्षेची. दहशतवादी हल्ल्यांमध्ये घरगुती रसायनांपासून बनवलेल्या स्फोटकांचा वापर झाल्यानंतर युरोपने अशा पूर्वघटकांची यादी केली. २०१९ चा सुधारित नियम १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार बारा टक्क्यांहून तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड सामान्य माणसाला परवान्याशिवाय घेता येत नाही, आणि हे तेच द्रव्य जे कोईपालक पोटॅशियम परमँगनेटचा उतारा म्हणून जवळ ठेवत असत. ब्रिटनमध्ये १९७२ च्या विषविषयक कायद्यात २०१५ साली मोठी दुरुस्ती होऊन विषे आणि स्फोटकांचे पूर्वघटक एकाच चौकटीत आले. काही द्रव्यांना परवाना लागू झाला, तर ठरावीक तीव्रतेपेक्षा अधिक फॉर्माल्डिहाइडसारखी काही द्रव्ये अशा यादीत गेली की त्यांच्या संशयास्पद खरेदीची माहिती विक्रेत्याने शासनाला द्यावी. पोटॅशियम परमँगनेटचे प्रकरण आणखी निराळे. कोकेनच्या शुद्धीकरणात त्याचा वापर होत असल्याने अमली पदार्थांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९८८ च्या करारात ते नियंत्रित पूर्वघटक म्हणून नोंदलेले आहे.

चौथी वाट पर्यावरणाची. आर्ग्युलस आणि लर्निया कवचधारी असल्याने त्यांच्यावर चालणारी औषधे, उदाहरणार्थ कवचाची बांधणीच रोखणारे डायफ्लूबेन्झुरॉन, मुळात कीटकनाशके आहेत. हौदाचे पाणी बदलताना ते नाल्यात आणि तिथून ओढ्यात गेले, तर पाणपिसू, झिंगे, कीटकांच्या अळ्या या ओढ्यातल्या अन्नसाखळीच्या तळाच्या जिवांवरही ते तसेच काम करते, कारण त्यांचेही कवच त्याच घटकाचे असते. म्हणूनच तळ्यातली ऊ मारण्यासाठी शेतीचे कीटकनाशक वापरण्याकडे नियामक संस्था कठोरपणे पाहतात.

बंदी कायद्यात कमी, गल्ल्यावर अधिक

या चारही कारणांत गैर असे काही नाही, किंबहुना प्रत्येक कारण आपापल्या जागी भक्कम आहे. तरीही हौशी पालकाला जी अडचण जाणवते ती कायद्याच्या शब्दांतून जेवढी येते त्याहून अधिक विक्रेत्याच्या सावधगिरीतून येते, आणि हे आकड्यांतून स्पष्ट दिसते. वीस हजार लिटरच्या तळ्याला लिटरमागे दोन मिलिग्रॅम या नेहमीच्या मात्रेने पोटॅशियम परमँगनेट लागते ते चाळीस ग्रॅम, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. युरोपीय संघात अमली पदार्थांचा पूर्वघटक म्हणून नोंदणीची अट विक्रेत्याला लागू होते ती वर्षाला शंभर किलोंच्या पुढे, तर अमेरिकेत देशांतर्गत व्यवहाराच्या नोंदींची मर्यादा पंचावन्न किलो आहे. पालकाची गरज आणि कायद्याची मर्यादा यांत हजार पटींहून अधिक अंतर आहे. पण रसायनविक्रेत्याच्या दृष्टीने पाहिले तर चाळीस ग्रॅमच्या गिऱ्हाइकाकडून मिळणारा नफा नगण्य आणि नोंदी, साठवण, पार्सल-वाहतुकीचे नियम आणि चौकशीची शक्यता ही डोकेदुखी मात्र पूर्ण, अशी स्थिती असते. परिणामी तो अशा गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणतो, आणि कायद्याने न केलेली बंदी गल्ल्यावर होते.

ब्रिटनमध्ये या कोंडीतून एक अधिकृत वाट ठेवलेली आहे. २०१३ च्या पशुवैद्यकीय औषध नियमांमध्ये छोट्या पाळीव प्राण्यांसाठी सवलत असून, पिंजऱ्यातले पक्षी, ससे, छोटे कुरतडणारे प्राणी यांच्याबरोबर बंदिस्त पाण्यात ठेवलेल्या शोभिवंत माशांचाही त्यात समावेश आहे. या प्राण्यांसाठीच्या औषधाला पूर्ण विपणन-परवान्याची खर्चिक प्रक्रिया पार पाडावी लागत नाही. मात्र त्यातील क्रियाशील घटक शासनाने मान्य केलेला असावा लागतो, प्रतिजैविके त्यात चालत नाहीत आणि खाण्याच्या प्राण्यांसाठी ते विकता येत नाही. ताटातला मासा आणि तळ्यातला मासा यांच्यातली रेषा कायद्याने इथे जाणीवपूर्वक आखली आहे. दुकानात मिळणाऱ्या बाटलीबंद परजीवीनाशकांचा बराचसा व्यवहार या सवलतीवर उभा आहे.

तरीही सुट्या रसायनाकडून बाटलीबंद औषधाकडे झालेल्या या स्थलांतराने छंदाचे स्वरूप बदलले. तयार औषधात घटकांचे प्रमाण ठरलेले, मात्रा बाटलीवर छापलेली आणि हाताळणी सुरक्षित असते, हा निःसंशय लाभ आहे. पण मोठ्या तळ्यासाठी खर्च अनेक पटींनी वाढतो, आणि खर्च वाढला की पालक मात्रा कमी टाकतो किंवा दुसरी-तिसरी मात्रा चुकवतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे चक्र लक्षात घेता, पहिल्या मात्रेनंतर थांबणे म्हणजे कवचातल्या पिढीला मोकळे रान देणे होय. अपुऱ्या मात्रेतून जे परजीवी वाचतात त्यांची पुढची पिढी अधिक चिवट निघण्याचा धोका वेगळाच. दुसरीकडे काही जण परदेशी संकेतस्थळांवरून बिनलेबलच्या पुड्या मागवतात, ज्यांत नेमके काय आणि किती शुद्ध आहे याची खात्री कोणीच देत नाही. निर्बंधांमुळे विष घरात येणे थांबावे हा हेतू, आणि घरात येते ते मात्र नाव नसलेले विष. हा उलटा परिणाम नियम करणाऱ्यांनी गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

सूक्ष्मदर्शक आणि मिठाची गोणी

निर्बंधांचा एक परिणाम मात्र उघडपणे चांगला झाला आहे. औषध स्वस्त आणि सुटे होते तेव्हा मासा अंग घासताना दिसला की काहीतरी टाकून पाहण्याची सवय सर्रास होती. औषध महाग आणि मोजके झाल्यावर रोग ओळखून मग उपचार करणे भाग पडले. त्यामुळे साधा सूक्ष्मदर्शक आज जाणत्या कोईपालकाचे पहिले साधन मानला जातो. भूल दिलेल्या किंवा ओल्या कपड्यात अलगद धरलेल्या माशाच्या छातीच्या पराजवळून काचपट्टीच्या कडेने बुळबुळीत थर किंचित खरवडायचा, त्यावर तळ्याचाच एक थेंब टाकायचा, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन परजीवींना मारते आणि मेलेला परजीवी ओळखू येत नाही. मग पातळ काच झाकून चाळीस ते शंभर पट मोठे करून पाहायचे. ट्रायकोडिना बशीसारखा गरगरत जातो, कॉस्टिया ठिणगीसारखा थरथरतो, आणि फ्लूक ताणत-आखडत सरकतो. त्याच्या डोक्याकडे चार काळे ठिपके दिसले तर तो अंडी घालणारा, न दिसले तर पिल्लांना जन्म देणारा, आणि एवढ्या एका फरकावरून दुसरी मात्रा लागणार की नाही हे ठरते.

फ्लूकसाठी आज प्रॅझिक्वान्टेल हे औषध विश्वासाचे मानले जाते. माणसाच्या कृमिरोगांवर वापरले जाणारे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असलेले हे द्रव्य फॉर्मेलिनच्या मानाने माशासाठी आणि माणसासाठी कितीतरी सौम्य आहे. कॉस्टिया तीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात टिकत नाही, त्यामुळे विलगीकरणाच्या टाकीत हीटर लावून पाणी सावकाश तापवणे हाही एक उपचार ठरतो. सर्वांत जुना उपाय मिठाचा. एकपेशीय परजीवींच्या शरीरातले पाणी खाऱ्या पाण्यात बाहेर ओढले जाते आणि माशालाही क्षारांचा समतोल राखण्याचे श्रम कमी होतात. मिठावर कोणत्याही खात्याचा निर्बंध नाही, पण ०.३ टक्के या प्रमाणासाठी दर हजार लिटरला तीन किलो, म्हणजे वीस हजार लिटरच्या त्याच तळ्याला साठ किलो मीठ लागते. चाळीस ग्रॅमच्या पुडीची जागा साठ किलोंच्या गोण्यांनी घेतल्यावर पाणवनस्पती मरतात, खारे पाणी बागेत सोडता येत नाही आणि मिठाला न जुमानणारे परजीवीही पालकांना अधूनमधून आढळतात. साधे वाटणारे पर्यायही आपापली किंमत घेऊन येतात ती अशी.

महाराष्ट्र आणि गोव्यातील चित्र

महाराष्ट्रात शेतघरांच्या आवारातल्या आणि हॉटेलांच्या बागांमधल्या तळ्यांतून कोई आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. मुंबईत कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारात तो सहज मिळतो. इथल्या मत्स्यशेतकऱ्यांना आणि हौशी पालकांना आर्ग्युलसचा उपद्रव चांगला परिचित आहे, आणि त्यावर शेतीच्या दुकानातून आणलेले डायक्लोरव्हॉस, म्हणजे घरोघरी ‘नुवान’ या नावाने ठाऊक असलेले कीटकनाशक, वापरण्याची प्रथा जुनी आहे. केंद्र सरकारने ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने अठरा कीटकनाशकांवर बंदी घातली. त्यांपैकी डायक्लोरव्हॉस आणि माशांवरील उवा-फ्लूकसाठी जगभर वापरले गेलेले ट्रायक्लोरफॉन या दोहोंसह सहा द्रव्यांची बंदी ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्णतः अमलात आली. या दोन द्रव्यांचे नाते असे की ट्रायक्लोरफॉन पाण्यात हळूहळू डायक्लोरव्हॉसमध्येच बदलते, पाणी जितके अल्कधर्मी तितके लवकर, आणि दोन्ही मज्जासंस्थेवर आघात करणाऱ्या सेंद्रिय फॉस्फरस गटातील आहेत. युरोपप्रमाणे इथेही निर्णय झाला तो शेतमजूर, ग्राहक आणि पर्यावरण यांच्या हिताचा विचार करून. तळ्यातल्या माशाचा उल्लेख त्यात नव्हता.

गोमंतकीय वाचकाला फॉर्मेलिन हा शब्द जुलै २०१८ मध्ये कळला तो वेगळ्याच कारणाने. परराज्यांतून मडगावच्या घाऊक बाजारात आलेल्या मासळीत फॉर्मेलिन आढळल्याच्या बातमीने खळबळ माजली आणि राज्य सरकारने बाहेरील मासळीच्या आवकेवर काही काळ बंदी घातली. मासळी ताजी भासावी म्हणून वापरलेले फॉर्मेलिन आणि जिवंत माशाच्या उपचारासाठी मोजून वापरलेले फॉर्मेलिन यांत हेतूचा फरक मोठा आहे, पण बाटली एकच आहे आणि तिच्या वाफांनी डोळे-घसा चुरचुरणारा माणूसही तोच आहे. आपल्याकडे अशी बाटली आजही युरोपच्या मानाने सहज मिळते; शोभिवंत माशांच्या दुकानांतून घटक न छापलेली रंगीत औषधेही विकली जातात. युरोपातील पालकासमोरचा प्रश्न औषध न मिळण्याचा असेल, तर इथल्या पालकासमोरचा प्रश्न हाती असलेल्या बाटलीत काय आहे हे न कळण्याचा आहे.

चार वेगवेगळ्या कायद्यांनी आपापले काम चोख केले तरी तळ्याचा एकत्रित विचार त्यांपैकी कोणीच करत नाही, आणि तो विचार करण्याची जबाबदारी शेवटी पालकावर येते, हा या साऱ्या प्रकरणाचा निष्कर्ष आहे. सुट्या विषाचा मुक्त बाजार परत आणणे हा त्यावरचा उपाय नाही, सरसकट बंदीही नाही. मोजक्या मात्रेच्या, घटक स्पष्ट छापलेल्या आणि केवळ शोभिवंत माशांसाठी मान्य केलेल्या औषधांची ब्रिटनसारखी वेगळी सोय भारतातही व्हावी, ही मागणी मत्स्यपालकांनी आणि विक्रेत्यांनी मिळून लावून धरण्याजोगी आहे. तोवर काही गोष्टी प्रत्येकाच्या हातात आहेत: नवा मासा थेट तळ्यात न सोडता काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा, तळ्यात नेमके किती लिटर पाणी आहे हे एकदा मोजून लिहून ठेवावे, घटक न छापलेली बाटली विकत घेऊ नये, दोन रसायने आपल्या मनाने एकत्र करू नयेत, औषध घातलेले पाणी ओढ्या-नाल्यात सोडू नये, आणि रोग ओळखता येत नसेल तर मुंबईच्या वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था किंवा रत्नागिरी, नागपूर, उदगीर येथील मत्स्य महाविद्यालयांतील जाणकारांना विचारूनच औषधाला हात घालावा.